सात सायकलींचा पुकारा

देवणी तालुक्यात ज्याच्या लग्नात व्यंकटीअण्णा बिरादारांनी आहेर पुकारला नाही, त्याचं लग्न झालं असेल, पण गाजलं नाही. तीस वर्षं हा माणूस मांडवाच्या कोपऱ्यात, कर्ण्याच्या वायरीशेजारी, एका पायावर भार टाकून उभा राहिला आणि लोकांची नावं घेत आला. नुसतं नाव काय, रेशनचा दुकानदारही घेतो. अण्णांनी नाव घेणं म्हणजे माणसाला पाटावर बसवून ओवाळणं.

"हां, बसून घ्या, बसून घ्या, आहेर सुरू हाय! मौजे वलांडीचे दयानंद पाटील, नवरीचे थोरले चुलते, यांच्याकडून नवरदेवास भरपोशाख, टोपी-टॉवेल, अन् रोख एकशे एऽऽक!"

त्यातला 'एक' ते इतका लांबवायचे, की देणाऱ्याला वाटावं आपण हजार दिले. माणसाचं नाव, मग गाव, मग नातं, मग वस्तू. या क्रमात त्यांची कधी गफलत झाली नाही. आणि मामाचा आहेर मानाचा. तो पुकारताना अण्णा दोन्ही पायांवर उभे राहायचे.

मग पत्रिकांच्या तळाशी बारीक अक्षरांत 'कृपया आहेर आणू नये' असं यायला लागलं. मांडवात डीजे आला. डीजेवाल्याला कुणाचं नाव माहीत नसतं, गाव तर नाहीच. त्याला 'हात वर!' एवढं एकच वाक्य येतं. अण्णांचा माईक पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला, आणि अण्णा लातूरला 'पाऊलवाट' नावाच्या संस्थेत शिपाई म्हणून लागले. सोमवारी ऑफिस उघडायचं, चहा करायचा, पत्रं टाकायची, शनिवारी एस्टीनं बोरवाडीला घरी.

खेड्यातल्या मुलींची शाळा सुटू नये, हे संस्थेचं काम. ती चालवायच्या सौदामिनीबाई. हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या, पण ते शाळेला कळलं होतं, बाईंना नव्हतं. "व्यंकटीराव, चहा. साखर कमी. आणि उभे राहताना सरळ." संस्थेची वेबसाइट बघायचा त्यांचा भाचा राघवेंद्र, नांदेडला इंजिनिअर झालेला. साइटवर देणगीचं एक हिरवं बटण होतं. पाच महिन्यांत त्यातून एक्कावन्न रुपये आले होते, तेही बटण चालतं का ते बघायला राघवेंद्रनंच टाकलेले.

अण्णांना त्या बटणाशी काही देणंघेणं नव्हतं. पण मे महिन्यात ते बटण त्यांच्या घरात शिरलं.

बोरवाडीची शाळा सातवीपर्यंत. त्या वर्षी सात पोरी सातवी पास झाल्या. त्यात अण्णांच्या लेकीची लेक, अयोध्या. आठवी देवणीला, सहा किलोमीटर. सकाळची एस्टी शाळा भरल्यावर येते आणि संध्याकाळची शाळा सुटायच्या आधी जाते. जावई देविदास माणूस वाईट नव्हता, पण एकदा मान हलवली की ती उलटी फिरत नसे.

"एकटीला म्या धाडणार न्हाई. मामा, तुमी नातीला सायकल घेऊन द्याल, हाव, पर रस्त्यानं एकलं पोरगं कसं जाईल? साती मिळून जात्याल तर जाऊ द्या. न्हाईतर बसू द्या घरी."

बाकीच्या सहा बापांनीही हेच धरलं. म्हणजे सायकली पाहिजेत त्या सात. एक कमी पडली तर एकही उपयोगाची नाही, आणि शाळा पंधरा जूनला.

अण्णांनी सौदामिनीबाईंपुढे सरळ उभं राहून विचारलं. बाईंनी चष्मा काढला. "यंदाचे सगळे पैसे वसतिगृहाच्या छपराला गेले, व्यंकटीराव. वेबसाइटवर आले तर सगळे तुमच्या सायकलींना. शब्द देते."

अण्णा तडक राघवेंद्रच्या टेबलाशी गेले.

"साहेब, त्या साइटवर काय लिवलंय ते वाचा की जरा."

"अण्णा, ते लोकांनी वाचायचं असतं."

"मग म्या लोक न्हाई का?"

राघवेंद्रनं घसा साफ केला. "ग्रामीण व दुर्गम भागातील वंचित घटकांच्या सर्वांगीण सक्षमीकरणासाठी कटिबद्ध असलेल्या आमच्या संस्थेस आपण सढळ हस्ते..."

अण्णांनी तळहात वर केला. मांडवात वाजंत्री थांबवायची असली की करायचे तसाच. "थांबा. नवरी कुठाय?"

"कोण नवरी?"

"ज्याला द्यायचं ते माणूस! कोणत्या गावचं, कोणाचं कोण, अन् द्यायचं काय? एवढं बोललाव, अन् मांडवात नवरीच न्हाई. खिशात हात घालून माणूस बघत बसतंय, द्यावं तर कोणाला द्यावं?" मग त्यांची नजर फोटोवर गेली. घाऱ्या डोळ्यांची एक लहान मुलगी, गालावर अश्रू. "ही कुठली?"

"नेटवरची. फुकट मिळाली."

"हिच्यामागं बर्फ दिसायलाय, साहेब. आपल्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं हुतं. बर्फ कुठलं आणलाव?"

राघवेंद्र लाल झाला. त्यानं घाईनं बटण दाबून दाखवलं. बटणामागं चौदा रकाने निघाले: जन्मतारीख, पिनकोड, व्यवसाय, पॅन नंबर, ही संस्था आपणास कशी कळली. अण्णा बोट ठेवून एकेक ऐकत गेले.

"सोयरीक करायलाव का देणगी घ्यायलाव? एवढं तर पोरीवाले बी विचारत न्हाईत."

"पॅन लागतो अण्णा, करात सूट पाहिजे असेल तर."

"ज्याला सूट पायजे त्याला इचारा. साठ रुपये देणाऱ्याला कशाला? त्याला दोनच गोष्टी इचारा. नाव काय अन् गाव कोणतं."

"गाव कशाला?"

अण्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं डीजेवाल्याकडे पाहायचे. "गावाबिगर नावाला काय अर्थ हाय का, साहेब?"

सौदामिनीबाईंनी सगळं ऐकलं आणि तीन बोटं वर केली. "मुलीची परवानगी. बापाची परवानगी. आणि दैन्य दाखवायचं नाही. आपण भीक मागत नाही, निमंत्रण देतोय." देविदासनं फोनवर 'हाव' म्हटलं. अयोध्येचा सौदा मात्र अवघड निघाला.

"आज्या, मी रडून दाखवायची न्हाई."

"नको रडू."

"अन् नाव घ्यायचं न्हाई. पोरी वर्सभर चिडवतेत. धर्माच्या सायकलीवाली आली म्हणतेत."

"न्हाई घेत."

"तुला लई सवय हाय नाव घ्यायची. आण घे."

"तुझी आण," अण्णा म्हणाले.

म्हणून फोटो पाठीमागून काढला. पोलीस पाटलाची उंच सायकल, तिच्यावर एक पोरगी दांड्यातून पाय घालून वाकडी चाललेली, आणि मागून सहाजणी ढकलताहेत. तोंड एकीचंही दिसत नव्हतं. दिसत होत्या लाल रिबिनीच्या वेण्या, आणि हसू इतकं, की ते पाठीवरूनही कळत होतं. राघवेंद्रनं त्याखाली एका सायकलीचं चित्र काढलं, नुसत्या रेघांचं. ज्या भागाचे पैसे आले, तो भाग रंगायचा. सायकल भरली की पुढची.

आणि वर अण्णांचा आवाज. पोत्यातला माईक त्यांनी फडक्यानं पुसला, राघवेंद्रच्या मोबाइलपुढे धरला. तो कशाला जोडलेला नव्हता, पण हातात असल्याशिवाय अण्णांना आवाज फुटत नव्हता.

"बसून घ्या, बसून घ्या! बोरवाडीच्या सात पोरी आठवीला चालल्यात. देवणीची शाळा सहा किलोमीटर. सात पोरींस सात सायकली, पंधरा जूनच्या आत! एका सायकलीची किंमत साडेपाच हजार. लई वाटतेत? मग सीट घ्या, तीनशे. चैन घ्या, दोनशे. घंटी घ्या, रुपये साऽऽठ! पर गुपचूप टाकून जाऊ नका. नाव सांगा, गाव सांगा. उद्या सकाळी ह्याच तोंडानं तुमचं नाव पुकारतो. न्हाई पुकारलं तर व्यंकटी बिरादार नाव लावायचा न्हाई!"

राघवेंद्रनं ते साइटवर टाकलं, व्हॉट्सॲपवर सोडलं आणि जेवायला गेला. परत आला तर घंटी रंगली होती.

दुपारी ऑफिसचा फोन वाजला. "मी नांदेडहून अपूर्वा बोलतेय. बँकेत होते, आता रिटायर्ड. साठ रुपये पाठवलेत. घंटीच घेताय ना? नाही, तुम्ही परस्पर सीटमध्ये घालाल. मला घंटीच द्यायचीय. माझ्या सायकलीला घंटी नव्हती हो. दहावीपर्यंत मी 'बाजू, बाजू' ओरडत गेले शाळेत."

"घंटीच घेतो, ताई. अन् चांगली टणटणीत घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिचं नाव पुकारलं, नांदेड म्हणताना असं काही, की जणू गुलालाची मूठ उधळली. तिनं ते आपल्या भिशीच्या सगळ्या बायकांना पाठवलं. संध्याकाळपर्यंत नांदेडहून दोन पेडल, एक कॅरिअर आणि चार मडगार्ड आले.

मग मजा सुरू झाली. 'मौजे वलांडी, सध्या मस्कत' अशा एकानं हँडल दिलं. निलंग्याच्या एका सासूबाईंनी सुनेच्या नावानं सीट दिली आणि फोन करून बजावलं, "पुकारताना 'सूनबाई' म्हणा, पर दिलं सासूनं, हे बी कळू द्या." एकानं खवचटपणे विचारलं, पैसे पोचतेत का वाटेत पंक्चर होतेत? राघवेंद्रनं दुकानाची पावती आणि दुकानात उभ्या केलेल्या दोन नव्या सायकलींचा फोटो साइटवर लावला. त्याच माणसानं पंक्चरची पेटी दिली.

अर्धापूरच्या एका केळीवाल्यानं पुढचं चाक दिलं. तासाभरात त्याच्या थोरल्या भावाचा फोन. "हालो! आमच्या धाकट्यानं पुढचं चाक दिलं म्हणं? मागचं माझं. अन् ऐका, नाव माझं आधी घ्या."

"मागचं चाक आधी कसं पुकारू, शेट?"

"का हो? सगळा जोर मागच्याच चाकावर असतो. हे बी सांगा माईकवर!"

अण्णांनी सांगितलं. धाकट्यानं चिडून एक अख्खी सायकल दिली. सौदामिनीबाईंनी तोंड गंभीर ठेवायचा प्रयत्न केला, आणि चहाला साखर जास्त मागितली.

मेच्या शेवटी सहा सायकली भरल्या. सातवीची रेघ कोरी होती. तेव्हा अण्णांच्या लेकाचा, बबलूचा पुण्याहून फोन आला. कंपनीत ओव्हरटाइम केलेला होता. "अण्णा, सातवी माझी. अयोध्येचा मामा हाव म्या."

रविवार होता. अण्णा बोरवाडीला घरी. त्यांच्या अंगात तीस वर्षांचे मांडव उभे राहिले. मामा! मानाचा आहेर! त्यांनी माईक उचलला, दोन्ही पायांवर उभे राहिले, आणि जीभ आपली आपण धावली.

"बसून घ्या, बसून घ्या! आता मामाचा आहेर, मानाचा आहेर! आमच्या बोरवाडीच्या अयोध्येस तिचे मामा बबलू बिरादार, सध्या पुणे, यांच्याकडून सायकऽऽल!"

आणि पाठवून दिलं, साइटवर नाही, सरळ व्हॉट्सॲपवर.

त्यांची बायको शरणम्मा चुलीपुढून ओरडली. ती सीमेपलीकडची, राग आला की तिची कानडी वर यायची. "अय्यो! पोरीचं नाव घेतलाव की ओ!"

"कुठं घेतलं?"

"सुम्म कूडू! गप बसा! जगानं ऐकलं, तुमीच न्हाई ऐकलं?"

अण्णांनी स्वतःचा आवाज लावून ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो कर्कश वाटला. पुसायला गेले, तोवर तो पुढच्या गावाला पोचला होता.

लेकीचं घर चार घरांपलीकडे. अयोध्या आली, तोच पुकारा वाजत असलेला मोबाइल त्यांच्या हातात ठेवून गेली. तिच्यामागून देविदास. "मामा, माज्या लेकराचं नाव गावभर केलाव! नको ती सायकल, अन् नको ती शाळा!" एवढं म्हणून तो गेला, आणि त्याची मान हलली होती. दुपारपर्यंत बाकीचे सहा बापही कुजबुजायला लागले, अयोध्या जात नसेल तर आपली कशाला? सात सायकली भरल्या होत्या, आणि बसायला पोरगी नव्हती. अण्णा ओसरीवर माईक मांडीवर घेऊन बसले. शरणम्मानं पुढं ठेवलेली भाकरी तशीच.

पण त्या दिवशी लग्नाची मोठी तीथ होती. तालुक्यात ज्याच्या मोबाइलवर तो पुकारा वाजला, त्यानं काय ऐकलं? अण्णांचा आवाज, 'बसून घ्या', मामाचा मानाचा आहेर, पोरीचं नाव, आणि सायकल. सायकल तर लग्नात देतातच! शेजारच्या गावच्या अंगणवाडीच्या बाईंनी मनात हिशेब केला: अयोध्या म्हणजे तेरा वर्षांची. त्यांनी योग्य तेच केलं. हेल्पलाइनला फोन लावला.

चार वाजता बोरवाडीत जीप शिरली. आत एक महिला हवालदार, ग्रामसेवक आणि त्या अंगणवाडीच्या बाई. जीपमागं अख्खं गाव.

"नवरी कुठंय?" हवालदारबाईंनी देविदासच्या दारात विचारलं.

नवरी गोठ्याच्या पत्र्यावर बसून, कोपरापर्यंत रस ओघळत, आंबा खात होती.

"मांडव?"

मांडव म्हणायला तेवढाच पत्रा होता. त्याखाली देविदासची देवणी वाणाची गाय रवंथ करत उभी.

"लग्न?" देविदास उंबऱ्याबाहेर आला. "कोणाचं लग्न? अवो बाई, तेरा वर्साचं लेकरू हाय ते! अजून दूध तापवायला लावलं तर उतू घालतंय!"

"मग आहेर कशाचा चाललाय मोबाइलवर?"

"सायकलीचा! शाळेला जायच्या सायकलीचा!"

"म्हणजे मुलगी शाळेत जाणार आहे?"

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. पत्र्यावर आंब्याची कोय हातात तशीच थांबली. शेजारची रुक्मिणबाई, जिला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सांग की, देविदासा. सकाळी काय म्हणलास ते सांग बाईला."

हवालदारबाईंनी वही उघडली. "शाळा नाही, आणि आहेर मात्र चालू. मग मी काय समजायचं?"

"जाणार की!" देविदास एकदम ओरडला. "जाणार म्हंजे काय! पंधरा तारखेला! देवणीला! सायकलीवर! बारावीपतोर शिकवणार हाव तिला! कोण म्हणलं लगीन?"

"लिहून द्या."

ग्रामसेवकानं हमीपत्र लिहिलं: अठरापर्यंत लग्न नाही, शाळा बंद नाही. देविदासनं खाली सही ठोकली, तीही पूर्ण नावाची. हवालदारबाईंनी गर्दीवरून नजर फिरवली. "सायकली सात आहेत म्हणे. बाकीच्या सहाजणींचे वडील कुठं आहेत?" गर्दीतले सहाजण एकमेकांच्या मागं दडायला लागले, पण रुक्मिणबाई एकेकाचं नाव घेऊन पुढं ढकलत होती, गाव नि नात्यासकट. अण्णांनी ओसरीवरून ऐकलं, आणि तसल्या स्थितीतही त्यांना वाटलं, बाईचा आवाज चांगलाय.

निघताना हवालदारबाई अण्णांपाशी थांबल्या. "सायकलींसोबत हवा भरायचा पंप घेतलाय का?"

"न्हाई, बाईसाहेब."

"मग तो माझ्याकडून. नाव पुकारू नका."

अण्णांना राहवलं नाही. "गाव तरी?"

"बिलोली," त्या हसल्या.

जीप गेल्यावर अयोध्या पत्र्यावरून उतरली, हात धुऊन अण्णांपुढे उभी राहिली. "आण घेतली हुती, आज्या."

"हाव. चुकलं माजं."

"मला म्हणून काय उपेग? ज्यात घेतलास, त्यातच म्हण."

अण्णांनी माईक उचलला, नुसता धरला. बसून घ्या म्हणाले नाहीत. "म्या व्यंकटी बिरादार, बोरवाडी. सकाळी एका पोरीचं नाव घेतलं. घ्यायचं नव्हतं. तिला शब्द दिला हुता, मोडला. तुमच्या मोबाइलात ते असंल तर पुसून टाका, अन् पुढं धाडू नका. लगीन कोणाचं बी न्हाई. सायकली साती भरल्या, आता कोणी पैसे टाकू नका. आहेर बंद."

राघवेंद्रनं तो पुकारा साइटवर सगळ्यात वर लावला. 'पैसे टाकू नका' म्हणणारी देणगीची साइट सौदामिनीबाईंनी पहिल्यांदाच बघितली. लोकांनी तरी टाकले, आणि ते बाजूच्या गावाच्या पाच पोरींना ठेवायचे, हे प्रत्येकाला विचारून ठरलं.

पंधरा जूनला सकाळी बोरवाडीच्या रस्त्यावर सातजणी निघाल्या. देविदास मागं धावत होता, पुढचा ब्रेक दाबू नको, पुढचा दाबू नको, असं ओरडत. अण्णांनी त्या दिवशी सुट्टी काढली होती. अयोध्येनं त्यांना बाभळीखाली उभं केलं होतं, एक अट घालून: तोंड उघडायचं नाही.

म्हणून त्यांनी नुसता मोबाइल समोर धरला. सायकली आल्या, आणि बाभळीपाशी सातजणींनी एकदम घंट्या वाजवल्या. कुणाचं नाव नाही, कुणाचं गाव नाही. घंट्या, हसू, आणि शेवटी देविदासचा दम. तेवढंच त्यांनी सगळ्या देणाऱ्यांना पाठवलं.

दहा मिनिटांत नांदेडहून फोन. "अहो, मी अपूर्वा. ऐकलं मी. चारदा ऐकलं. पण एक सांगा, यातली माझी घंटी कोणती?"

अण्णांनी कानाशी पुन्हा मोबाइल नेऊन नीट ऐकलं. तीस वर्षांचा कान होता तो.

"तिसरी, ताई," ते म्हणाले. "सगळ्यांत टणटणीत."